रुपीन पास, मे महिना आणि ‘बर्फ सख्त है’

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातला आठ जणांचा ग्रुप, सगळे सह्याद्रीत दहा-बारा वर्षं मुरलेले, हिमालयात मात्र एक-दोन सोपेच ट्रेक झालेले. मेच्या दुसऱ्या आठवड्यात रुपीन पास, म्हणजे उत्तराखंडातून निघून हिमाचलात उतरणारा खिंडीचा ट्रेक, करायचाय. गाइड फोनवर म्हणाला, ‘इस बार बर्फ ज्यादा है, लेकिन सख्त है, चिंता की कोई बात नहीं.’ मायक्रोस्पाइक्स (बुटांवर चढवायचे छोटे खिळे) भाड्याने मिळतील. मेमध्ये अ‍ॅव्हलांचचा (म्हणजे हिमस्खलनाचा) धोका असतो का, आणि असला तर तो आपला आपल्याला ओळखता येतो का?

धोका असतो. ओळखता बऱ्यापैकी येतो, पण पुण्यात बसून नाही. मला तुमचा प्रश्न असा ऐकू येतोय: वरच्या कॅम्पवर पहाटे तीन वाजता तंबूबाहेर उभं राहून ‘जायचं की थांबायचं’ हे आम्ही कशावरून ठरवायचं? आधीच्या आठ-दहा दिवसांत वर काय पडलं, आदल्या रात्री आभाळ कसं होतं आणि तुमच्यातला सगळ्यात हळू माणूस किती हळू आहे, या तीन गोष्टींवर उत्तर अवलंबून आहे आणि त्यातली एकही मला आज माहीत नाही. गेली वीस-बावीस वर्षं मी लोकांना घेऊन वर जातोय. त्या अनुभवावरून विचार कसा करायचा एवढं सांगू शकतो.

सुरुवात गाइडच्या त्या ‘सख्त’पासून करू. स्नोलाही बर्फ आणि आइसलाही बर्फ म्हणायची आपली सवय इथे नडते. पायाला घट्ट लागणारा बर्फ निदान तीन वेगवेगळ्या प्रकारचा असतो. पहिला, दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठलेला. हा खरोखर चांगला, सूर्य चढेपर्यंत डांबरी रस्त्यासारखा वागतो. दुसरा, वाऱ्याने धारेपलीकडून उडवून आणून उतारावर चेपून बसवलेला. हा दिसायला खडूसारखा पांढरा आणि निस्तेज, काठी आपटली तर खाली पोकळी असल्यासारखा ‘ढप्प’ वाजतो. माणूस मरतो तो जास्त करून यावर. तिसरा म्हणजे आधीच कोसळून खाली येऊन थिजलेला अ‍ॅव्हलांचचा ढिगारा: ओबडधोबड, मातकट, मध्ये दगड आणि मोडलेल्या फांद्या. त्यावरून चालणं सोपं असतं म्हणून लोक खूश होतात. पण वरून खाली काहीतरी येतं, आणि ते नेमकं इथवर येतं, याचा तो लेखी पुरावा असतो. तेव्हा गाइडला पुढचा फोन कराल तेव्हा विचारा: सख्त म्हणजे रात्री गोठलेला, की वाऱ्याने बसवलेला?

वाऱ्याचा बर्फ वाईट का, हे एकदा हाताने बघितलं की विसरता येत नाही. एका फेब्रुवारीत मनालीच्या वरच्या अंगाला काही मुलांना बर्फाचा खड्डा खणून दाखवत होतो. कंबरभर खड्डा, त्याची वरच्या बाजूची भिंत फावड्याने सरळ तासलेली. वरचा दोन वीत थर इतका घट्ट की त्यात एक बोटही जाईना. त्याखाली मूठ सहज शिरली आणि बाहेर काढली तर हातातून दाणे भुरभुरले, जाड्या साखरेसारखे, एकमेकांना न चिकटणारे. मग 30 सेंटिमीटर लांब-रुंद खांब कापून त्यावर फावड्याचं पातं ठेवलं आणि थापा मारायला लागलो. ही पद्धत जगभर वापरतात: मनगटातून दहा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा. कोपरातली तिसरी थाप पडली आणि वरचा सगळा ठोकळा, सुरीने कापल्यासारखा, माझ्या मांडीवर सरकून आला. एका मुलीने तो अलगद उचलून बघितला. अखंड राहिला. शहाबादी लादीसारखा.

लादी आणि तिच्याखाली जाडी साखर, एवढंच ते गणित आहे. साखर बनते कशी? हिवाळ्याच्या सुरुवातीला पातळ बर्फ असतो, खाली जमीन शून्य अंशाच्या आसपास आणि वर हवा उणे पंधरा. एवढ्याशा जाडीत एवढा फरक पडला की खालची वाफ वर चढते, आणि बर्फाचे बारीक कण मोठ्या, कोनेदार, सुट्या दाण्यांत बदलतात. त्यावर वादळ येऊन लादी बसते. मग त्या लादीच्या पातळशा भागावर कोणीतरी पाय ठेवतो, खालची साखर बसते, तडा वाऱ्याच्या वेगाने पसरतो आणि माणसाच्या वरच्या बाजूला शंभर मीटरवर उतार फाटतो. अ‍ॅव्हलांचमध्ये सापडलेल्या बहुतेकांच्या बाबतीत ती त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या सोबत्यानेच सुरू केलेली असते. वरून आपोआप येऊन गाठलं, असं त्यामानाने कमी घडतं. चालताना पायाखाली ‘धुप्प’ असा दबका आवाज आला, बर्फ किंचित बसल्यासारखा वाटला किंवा पायापासून तडा पळत गेला, तर चर्चा करायची नाही. आल्या पावली, एकेक करून, मागे.

तुमच्या दृष्टीने चांगली बातमी अशी की मेच्या मध्यापर्यंत रुपीनच्या उंचीवर ही हिवाळी साखर बहुतेक वेळा विरलेली असते. वितळलेलं पाणी थरांतून झिरपतं, रोज रात्री गोठतं आणि सगळा बर्फ हळूहळू एकजीव होतो. म्हणून मेमध्ये माझी काळजी दुसरीकडे सरकते: ओला बर्फ, ताजा बर्फ आणि साधी घसरण. तुमच्या ग्रुपला सगळ्यात मोठा धोका शेवटच्या गोष्टीपासून आहे, पण त्याकडे नंतर येतो.

ओल्या बर्फाचं घड्याळ सूर्याच्या हातात असतं. रात्री गोठलेला थर सकाळी ऊन लागलं की वरून सैल व्हायला लागतो. आधी बुटाचा नुसता ठसा उठतो, मग घोट्यापर्यंत पाय जातो, मग पोटरीपर्यंत. कडेच्या खडकांखालून लिंबाएवढे गोळे आपोआप घरंगळायला लागतात आणि मागे रेघा ठेवतात. पाय गुडघ्यापर्यंत जायला लागला की तुम्हाला उशीर झालाय. म्हणून सगळे पहाटे निघतात, आणि हे आता प्रत्येक ट्रेक लीडरला पाठ आहे. पाठ नसतं ते पुढचं: पहाट झाली म्हणजे बर्फ गोठलाच असं नाही. तो गोठतो उघड्या आभाळाखाली, कारण त्याची उष्णता वर निघून जाते. आभाळ झाकलेलं असेल तर ढगांची गोधडी ती परत खाली पाठवते. ढगाळ रात्री थंडी कमी पडते हे नाशिकच्या कुठल्याही द्राक्षवाल्याला सांगावं लागत नाही, पण घड्याळात तीन वाजले एवढ्या भरवशावर निघालेले ग्रुप मी पुष्कळ बघितलेत.

काही वर्षांपूर्वी मेच्या अखेरीस रुपीनच्याच वरच्या धबधब्याच्या कॅम्पवर, म्हणजे साधारण 4,000 मीटरवर होतो. संध्याकाळी थोडा पाऊस, मग गारा, मग भुरभुर बर्फ. पावणेतीनला बाहेर आलो तर एकही तारा नाही. तंबूमागच्या बर्फात मूठ दाबली, ती मनगटापर्यंत गेली. मूठभर बर्फ घेऊन पिळला तर बोटांमधून पाणी ठिबकलं. मी चहा करायला सांगितला आणि निघायचं रद्द केलं. शेजारचे दोन ग्रुप हेडलॅम्प लावून आमच्या समोरून निघून गेले. आमच्यातले एक काका दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. त्यांची सुटी मोजून घेतलेली होती.

आता यातला महत्त्वाचा भाग. ते दोन्ही ग्रुप सुखरूप पलीकडे पोहोचले. आम्ही दुसऱ्या दिवशी, लख्ख चांदण्या रात्रीनंतर, कडक बर्फावरून गेलो. मग माझा निर्णय चुकला का? काकांच्या मते चुकला. बर्फाची ही मोठी गोची आहे: चुकीचा निर्णय घेणाऱ्यालाही तो दहातल्या नऊ वेळा पास करतो, आणि त्या नऊ वेळांना माणूस अनुभव म्हणायला लागतो. ‘पंधरा वर्षांत इथे काही झालं नाही’ असं सांगणारा गाइड खोटं बोलत नसतो. पण त्यातल्या किती वेळा तो थोडक्यात वाचला हे त्यालाही ठाऊक नसतं.

ताज्या बर्फाबद्दल. पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येऊन हिमालयात बर्फ पाडणारं वादळ, हा हिवाळ्याचा पाहुणा असला तरी एप्रिल-मेमध्येही येऊन जातो. जुन्या, गोठून काचेसारख्या झालेल्या पृष्ठभागावर एका रात्रीत फूटभर नवा बर्फ पडला आणि वारा सुटला, तर मे महिन्यात फेब्रुवारी झाला असं समजायचं. नवा थर जुन्याला धरायला वेळ लागतो. पहिले 24 ते 48 तास सर्वांत वाईट, आणि वादळानंतरचं पहिलं कडक ऊन त्याहून वाईट. फोटोसाठी मात्र तोच दिवस सगळ्यात सुंदर असतो. वरच्या कॅम्पवर असा बर्फ पडला तर एक दिवस थांबा. दोन रात्री निरभ्र मिळाल्या तर उत्तम.

उताराचा कोन तुम्ही स्वतः मोजायला शिका, कारण ही एकच गोष्ट हवामानावर अवलंबून नाही. लादी सुटते ती मुख्यत्वे 30 ते 45 अंशांच्या उतारावर. त्याहून कमी उतारावर ती सहसा सरकत नाही, त्याहून फार तीव्र उतारावर बर्फ थोडा थोडा गळत राहतो आणि साठत नाही. गंमत अशी की चढायला छान वाटणारा उतार बरोबर याच पट्ट्यात येतो. एकसारख्या लांबीच्या दोन ट्रेकिंग पोल घ्या. एक उतारावर उभी धरा, दुसरी तिच्या वरच्या टोकापासून आडवी उताराकडे धरा. आडवीचं टोक नेमकं उताराला टेकलं तर कोन 45. आडवी उभीच्या निम्म्यापर्यंत खाली आणल्यावर टेकली तर सुमारे 27. या दोहोंच्या मध्ये कुठेही टेकली तर तुम्ही धोक्याच्या पट्ट्यात आहात. राजगड-तोरण्याच्या गवताळ उतारांवर सराव करून बघा, डोळ्याला किती फसवं दिसतं ते कळेल. फोनवरच्या नकाशांत रंगाने उतार दाखवतात, तेही बघा, पण हिमालयासाठी त्यामागची उंचीची माहिती जाडीभरडी असते. अरुंद तीव्र नळी, म्हणजे कड्यांमधली घळ, त्यात सौम्य दिसते.

आपण स्वतः सपाटीवर आहोत म्हणून निर्धास्त राहायचं नाही. 28 फेब्रुवारी 2025 ला बद्रीनाथच्या पुढे माणा इथे सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांच्या छावणीवर अ‍ॅव्हलांच आली. 54 जण अडकले, त्यातले 46 वाचले, आठ गेले. ती माणसं कुठलाही उतार चढत नव्हती. तंबू लावताना वर बघा. हात पूर्ण लांब करून मूठ धरली की तिची उंची साधारण दहा अंश भरते. तुमच्या कॅम्पवरून वरच्या बर्फाळ उताराचा माथा क्षितिजरेषेपासून दोन मुठींहून जास्त वर असेल, तर ‘हे खाली आलं तर कुठून येईल आणि मी कुठे आहे’ एवढा विचार करून मगच खुंट्या ठोका. नळीच्या तोंडाशी तंबू नकोच, पाणी कितीही जवळ असलं तरी.

आणि ज्ञान असलं की सुटलो, असंही नाही. 4 ऑक्टोबर 2022 ला द्रौपदी का डांडा-2 या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेच्या प्रशिक्षणार्थींचा गट अ‍ॅव्हलांचमध्ये सापडला. 27 जणांचे मृतदेह मिळाले, दोन जण सापडलेच नाहीत. त्यात काही महिन्यांपूर्वीच एव्हरेस्ट आणि मकालू सोळा दिवसांत केलेली प्रशिक्षक सविता कंसवाल होती. ही आठवण तुम्हाला घाबरवायला काढलेली नाही. ‘आमच्यासोबत अनुभवी लोक आहेत’ हे वाक्य बर्फाला ऐकू जात नाही, एवढंच म्हणायचंय.

आता रुपीनवरचंच बोलू. धौलाहून निघून झाकामार्गे धबधब्यापर्यंत जाल, तेव्हा खालच्या धबधब्याजवळ नदीवर बर्फाचे पूल लागतील. मेमध्ये ते खालून पोखरले जात असतात. वरून फूटभर जाड दिसणारा पूल मध्यभागी चार बोटं उरलेला असू शकतो. सकाळी लवकर, एकेकाने, पाठपिशवीचा कंबरपट्टा सोडून, काठी खुपसत जा. दुपारी खालून पाण्याचा आवाज मोठा झाला असेल तर लांबचा वळसा घ्या. याबद्दल कोणी विचारत नाही, पण मला पासपेक्षा या पुलांची भीती जास्त वाटते.

शेवटची नळी 4,650 मीटरच्या खिंडीकडे नेते. सह्याद्रीतली नाळ तुम्हाला माहीत आहे, तीच कल्पना: वरचं सगळं तिच्यातूनच खाली येणार. बर्फ, दगड, आणि गर्दीच्या दिवशी वरच्या ग्रुपमधली माणसंही. म्हणून हेल्मेट. नळीत दोन ग्रुप एकावर एक नकोत. पुढचा ग्रुप बाहेर पडेपर्यंत कडेच्या खडकाच्या आडोशाला थांबा. धारेवर वाऱ्याने बाहेर काढलेले बर्फाचे छज्जे असतील तर त्यांच्या थेट खाली रेंगाळायचं नाही, आणि वर पोहोचल्यावर त्यांच्या टोकावर जाऊन सेल्फी तर नाहीच. पलीकडचा, हिमाचलातल्या सांगला गावाकडचा उतार ढोबळमानाने उत्तरेकडचा आहे. तिथे ऊन उशिरा लागतं, बर्फ जास्त टिकतो, वाऱ्याने साठलेली लादी असलीच तर तिथे असायची शक्यता अधिक. सगळ्यांचं लक्ष चढावर असतं, खिंडीवर पोहोचलो की ट्रेक संपल्यासारखा वाटतो आणि लोक बसून घसरगुंडी करत खाली सुटतात. आधी एकाने पायी उतरून खालचा टप्पा दगडांशिवाय आहे का ते बघा.

आणि इथेच ती घसरण. गोठलेल्या 35 अंशांच्या बर्फावर माणूस पडला की दोन सेकंदांत थांबण्यापलीकडे जातो. सह्याद्रीतल्या घसाऱ्यावर ढुंगण टेकून थांबता येतं, इथे नाही. मायक्रोस्पाइक्स पायवाटेसाठी ठीक आहेत, तीव्र गोठलेल्या नळीसाठी अपुरे आहेत. आइस अ‍ॅक्स (बर्फात रोवायची छोटी कुदळ) प्रत्येकी एक, आणि पडल्यावर पोटावर वळून तिच्यावर वजन टाकून थांबण्याचा सराव, आधीच्या दिवशी, खाली सपाटी असलेल्या छोट्या उतारावर, प्रत्येकाने दहा-दहा वेळा. नळीत दोर लावायला गाइडला आधीच सांगा. त्याने ‘जरूरत नहीं’ म्हटलं तरी लावून घ्या.

तुम्ही ट्रान्सीव्हरबद्दल (गाडलेल्या माणसाचा माग काढणारं छोटं रेडिओ यंत्र) विचारलं नाहीये, पण कोणीतरी विचारेलच. अ‍ॅव्हलांचखाली गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलं तर तो वाचण्याची शक्यता खूप असते, अर्ध्या तासानंतर ती झपाट्याने घसरते. थांबताक्षणी तो बर्फ ओल्या सिमेंटसारखा थिजतो, हातांनी उकरता येत नाही. म्हणजे हेलिकॉप्टर, सैन्य, गावकरी हे सगळे हिशेबाबाहेर. वाचवणार ते सोबतचेच, आणि त्यासाठी ट्रान्सीव्हर, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि धातूचं फावडं या तिन्ही गोष्टी प्रत्येकाकडे लागतात. आठ जणांत दोन ट्रान्सीव्हर म्हणजे आठ जणांत दोन हेल्मेट. मार्च-एप्रिलमध्ये जात असता तर मी हे सगळं घ्याच म्हणालो असतो. मेच्या मध्याला, आठ दिवसांत ताजा बर्फ नसेल, तर तेच पैसे आइस अ‍ॅक्स, चांगले बूट आणि एका राखीव दिवसावर घाला. हे माझं मत. याच्याशी सहमत नसलेले चांगले गिर्यारोहक मला माहीत आहेत.

हवामानाचं म्हणाल तर हिवाळ्यात चंदीगडची डीजीआरई, म्हणजे डीआरडीओची बर्फ आणि अ‍ॅव्हलांचचा अभ्यास करणारी संस्था, जिल्हावार इशारे देते आणि ते वाचण्यासारखे असतात. पण जिल्हा म्हणजे काही तुमची नळी नव्हे. निघायच्या आधी आठ दिवस रोज अंदाज टिपून ठेवा: कधी पडला, किती पडला, वारा कुठून होता, रात्री आभाळ कसं होतं. वहीत चार ओळी. वर गेल्यावर डोळ्यांसमोरच्या बर्फाला त्या ओळींमुळे अर्थ येतो.

ग्रुपबद्दल दोन गोष्टी पुण्यातच ठरवा. एक, थांबण्याच्या बाजूने एकच मत पुरे, मतदान नाही. आपल्याकडे सात जण हो म्हणाले की आठवा गप्प बसतो, आणि बरेचदा त्या आठव्यालाच काहीतरी दिसलेलं असतं. दोन, परतीची वेळ. समजा नऊपर्यंत खिंडीवर नसलो तर आहोत तिथून मागे. ही वेळ कागदावर लिहून गाइडलाही दाखवा. परतीचं रेल्वेचं तिकीट ठरलेल्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशीचं काढू नका. मधे दोन दिवस मोकळे ठेवा, नाहीतर वरच्या कॅम्पवर निर्णय तुम्ही घेणार नाही, तिकीट घेईल.

गाइडशी पुढच्या फोनवर तीन प्रश्न विचारा. गेल्या दहा दिवसांत नवा बर्फ किती पडला? नळीत दोर आणि आइस अ‍ॅक्स कोण आणणार? आणि वरच्या कॅम्पवरून तुम्ही शेवटचे मागे कधी फिरलात, कशामुळे? तिसऱ्याचं उत्तर नीट ऐका. त्याने एखादी तारीख, एखादी ढगाळ रात्र, एखाद्या चिडलेल्या काकांची गोष्ट सांगितली तर निश्चिंतपणे त्याच्यासोबत जा. ‘कभी नहीं’ म्हणाला तर अजून मे दूर आहे, दुसरा गाइड शोधायला वेळ आहे.